पुढाऱ्याची पैसेवारी कोण काढणार?



गेल्या जिल्हा बैठकीत मी मुद्दाम मागच्या ओळीत बसलो होतो. एकेका तालुक्याचा अध्यक्ष उठत होता, आढावा देत होता. मोर्चा दणदणीत झाला. रास्ता रोको कडकडीत झाला. मेळाव्याला मैदान पुरले नाही. शाखा जोमात आहेत, कार्यकर्ते उत्साहात आहेत. एक तालुका संपला की टाळ्या, की पुढचा तालुका. या आढाव्यांवरून पिकाचा अंदाज काढायचा म्हटले असते तर आपल्या जिल्ह्याची पैसेवारी नव्वदच्या खाली आली नसती.

मग चहाची सुट्टी झाली. बाहेर तीच माणसे हळू आवाजात वेगळेच बोलत होती. ज्या गावातून पूर्वी दोन ट्रॅक्टर भरून माणसे यायची तिथून आता एका मोटारसायकलवर दोघे येतात. शाखेच्या पाटीवरचा रंग उडाला, तो पुन्हा द्यायला कुणी नाही. सभासद नोंदणीची पावती पुस्तके कोरीच परत आली. मी एकाला म्हटले, "अहो, हे आत का नाही बोललात?" तो हसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी कुठे बोललात?"

खरेच होते. माझ्या तालुक्याचा आढावा मीच दिला होता आणि माझ्याही आढाव्याला टाळ्या पडल्या होत्या. हा लेख त्या टाळ्यांचे कर्ज फेडण्यासाठी लिहितो आहे.

पैसेवारीवरून आपण किती वर्षे भांडतो आहोत! पाऊस दगा देतो, पीक हातचे जाते, आणि कागदावर पन्नास पैशांच्या वर आकडा पडतो. आपण म्हणतो, नजरअंदाजाने पीक मोजू नका. बांधावरून नजर टाकली की सगळे हिरवेच दिसते. चावडीत बसून आकडा टाकू नका, शेतात उतरा, कापणी करा, मळा, वजन करा. मागणी न्याय्य आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. पण सरकारी माणसाला आपण जे सांगतो ते आपल्या संघटनेला कधी लावले आहे का? आपले तालुकाध्यक्ष, आपले जिल्ह्याचे पदाधिकारी, आपले प्रमुख, आणि यात मी आलोच, आपापल्या कामाची पैसेवारी कशी काढतात? बांधावरून. नजरअंदाजाने. तीही स्वतःच्याच शेताची.

मी कृषी पदवीधर. कॉलेजात पानसे आणि सुखात्मे यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक आम्हाला होते. १९५४ साली प्रथम निघालेले हे पुस्तक शेतकी शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी वापरले. बहुतेकांनी ते परीक्षेपुरते वाचले, मीही तसेच. त्यातले पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकाचा उतारा गावोगाव कापणी करून कसा मोजायचा याची शास्त्रशुद्ध पद्धत या देशात रुजली त्यात पानसे-सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे. त्या पद्धतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विळा नाही आणि तराजूही नाही. कोणते गाव, कोणते शेत आणि शेतातला कोणता तुकडा कापायचा हे कापणाऱ्याने ठरवायचे नाही, ही ती गोष्ट. ते यादृच्छिक आकड्यांनी ठरते. पाच बाय पाच किंवा दहा बाय पाच मीटरचा तुकडा जिथे येईल तिथे येईल. तिथे खडक असेल, हुमणी लागलेली असेल, पीक विरळ असेल, तरी तोच कापायचा. का? कारण माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याला निवडीची मोकळीक दिली की त्याचा पाय आपोआप चांगल्या पिकाकडे वळतो. यात लबाडी असतेच असे नाही. डोळा तसाच असतो.

सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. लहान तुकड्याला आकाराच्या मानाने कड जास्त. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की मापणारा ते आत धरतो. एकेक झाड असे आत येत गेले की आकडा फुगतो.

आता आपल्या पुढाऱ्यांकडे बघा. पुढारी कोणत्या गावाला जातो? जिथे हार तयार असतो तिथे. कुणाच्या घरी जेवतो? ठरलेल्या चार घरी. गाडीत कोण असते? तेच पाच जण, आणि ते पाच जण गाडीत आहेत ते आपले म्हणणे पुढाऱ्याच्या म्हणण्याशी जुळते म्हणून. फार लहान तुकडा झाला हा! त्याची कापणी करून पुढारी साऱ्या जिल्ह्याचा उतारा सांगतो. हल्ली त्यात मोबाईलवरच्या ग्रुपची भर पडली आहे. पुढाऱ्याने फोटो टाकला की पन्नास अंगठे वर येतात. ज्याला पटले नाही तो अंगठा खाली करत नाही, तो गप्प बसतो किंवा ग्रुप सोडून जातो. आणि सोडून गेलेल्याला आपण काय म्हणतो? विकला गेला.

संघटनेत येण्याआधी मी एका कंपनीत नोकरी करत होतो, त्या काळातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आम्ही गावोगाव पीक प्रात्यक्षिके घ्यायचो. प्रात्यक्षिकाचा प्लॉट कुठे घ्यायचा याचे शिक्षण कुणी देत नसे, पण दोन महिन्यांत कुणालाही कळायचे. डांबरी रस्त्याच्या कडेला, काळ्या जमिनीत, विहीर असलेल्या, दोन मुले हाताखाली असलेल्या शेतकऱ्याकडे. तिथे आमचे बियाणे उत्तमच यायचे. मग आम्ही माळावरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना गाडीत घालून तो प्लॉट दाखवायला आणायचो. ते बघायचे, मान हलवायचे, बियाणे न्यायचे. त्यांच्याकडे ते आले नाही की आम्ही म्हणायचो, तुमचे व्यवस्थापन चुकले. या खोटेपणाचा वीट येऊन मी नोकरी सोडली, असे मी भाषणात सांगतो. पण रस्त्याकडेचा प्लॉट दाखवायची सवय मी बरोबर घेऊनच आलो होतो. ते कळायला बरीच वर्षे लागली.

२०१७ सालची तूर तुम्हाला आठवत असेल. आदल्या हंगामात पाऊस बरा झाला, तूर अमाप पिकली आणि भाव कोसळला. बोनस धरून हमीभाव ५,०५० रुपये, आणि बाजारात व्यापारी त्यापेक्षा हजार-दीड हजाराने कमी मागत होता. खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून माप बंद, गोदाम नाही म्हणून माप बंद. गाड्यांच्या रांगा लागल्या. शेवटी एप्रिलमध्ये मुदत संपली म्हणून खरेदीच थांबवली. आपण रस्त्यावर उतरलो. माझ्या तालुक्यात आम्ही चार तास रस्ता अडवला. केंद्र पुन्हा सुरू झाले. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या महिन्याच्या बैठकीत मी आढावा दिला की आंदोलन शंभर टक्के यशस्वी. मनापासून दिला. मी खोटे बोलत नव्हतो, हे लक्षात घ्या. केंद्र खरेच सुरू झाले होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका गावाजवळ माझी गाडी पंक्चर झाली. या गावात मी सभेला दोनदा गेलो होतो, पण सभा सोडून कधी गेलो नव्हतो. पंक्चर निघेपर्यंत एका ओसरीवर टेकलो. घरातल्या म्हातारीने पाणी दिले. बोलता बोलता मी सहज विचारले, "आजी, गेल्या साली तुरीला हमीभाव मिळाला ना?" ती म्हणाली, "कशाचा भाव बाबा? तुमचा रस्ता रोको झाला तवा आमची तूर कवाच गेली हुती." सोसायटीचे देणे होते, लेकीचे लग्न होते, तिने मार्च महिन्यातच चार हजाराच्या आत तूर घातली होती. मग मी त्या गावात आणखी घरे फिरलो. ज्यांच्याकडे एप्रिलअखेर विकायला तूर शिल्लक होती ते पाच-सहाजण. सगळे बागायतदार. थांबण्याची ऐपत असलेले. आणि रस्त्यावर उन्हात बसले होते कोण? ज्यांची तूर आधीच गेली होती ते. स्वतःचा काही फायदा उरलेला नसताना संघटनेच्या शब्दाखातर बसले होते.

एवढ्यावर थांबले असते तरी मी स्वतःची समजूत घातली असती. पण त्या गावच्या चार पोरांवर त्या दिवशी गुन्हे दाखल झाले होते. वर्षभर ती पोरे तालुक्याच्या कोर्टात तारखांना जात होती. एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी, वकिलाची फी. एकाचे बाहेर नोकरीचे जमत होते, तिथे चारित्र्याचा दाखला मागितला आणि जमलेले फिसकटले. या वर्षभरात तालुकाध्यक्ष म्हणून मी एकदाही कोर्टाची पायरी चढलो नव्हतो. मला माहीतच नव्हते. माहीत नव्हते म्हणजे कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले नव्हते कारण मी विचारले नव्हते. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "साहेब, तुम्ही मोठ्या कामात असता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

हे 'साहेब' प्रकरणही इथेच सांगून टाकतो. मी शेती शिकलेला म्हणून मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणतात. मला ते आवडायचे. साहेबाला कुणी खरे सांगत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला तरी शिकवावे लागू नये. आपण मामलेदाराला कधी खरे सांगितले आहे का?

आपल्या चुका उघड केल्या तर चळवळ खलास होईल, असे म्हणणाऱ्यांसाठी खेड्याची हकीकत सांगतो. खेडा म्हणजे गुजरातचा खेडा जिल्हा. १९१८ सालचा तिथला सत्याग्रह आपल्याला शाळेत विजय म्हणून शिकवला गेला. त्याचे मूळ भांडण आपल्याच ओळखीचे आहे, आणेवारीचे. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षाचा शेतसारा तहकूब करावा असा नियम होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत आत आहे. गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शपथा घेतल्या. सारा भरला नाही, जप्त्या झाल्या, गुरे नेली. जूनमध्ये तडजोड झाली. ऐपतदारांनी सारा भरावा, गरिबांना तहकुबी मिळेल. विजय जाहीर झाला.

स्वतः गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग' मध्ये या शेवटाबद्दल काय लिहिले आहे ते जरूर वाचा. लोक थकले होते आणि लढा सन्मानाने संपवण्याची वाट आपण शोधत होतो, हे ते लपवत नाहीत. गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांचा होता, तो त्यांना बजावता आला नाही. तहकुबीचा लाभ खऱ्या गरिबांपैकी फार थोड्यांना झाला. शेवट झाला तो शोभेचा नव्हता, आपल्याला त्याचे समाधान नव्हते, असा त्यांचा हिशेब आहे. तुरीचा आणि खेड्याचा हिशेब किती सारखा आहे बघा. फरक इतकाच, की त्यांनी तो स्वतः मांडला आणि माझा एका म्हातारीने मांडून दिला.

पुढे त्याच साली ते त्याच खेड्यात सरकारसाठी सैन्यभरती करायला गेले. अहिंसावाद्याने सैन्यभरती करावी हे बरोबर की चूक, हा वाद मोठा आहे, तो इथे नको. सत्याग्रहाच्या वेळी लोक बैलगाड्या फुकट देत, एक स्वयंसेवक मागितला तर दोन येत. आता भाड्यानेही गाडी मिळेना. गांधीजी आणि वल्लभभाई पायी हिंडले, शिधा बरोबर घेऊन. एखादा पुढारी असता तर म्हणाला असता, लोक कृतघ्न आहेत. गांधीजींनी गाडी मिळत नाही हे माप म्हणून वाचले. लोक त्यांच्याबरोबर आले होते ते किती खोलवर, हे त्या गाड्यांनी सांगितले. सभेतल्या टाळ्यांपेक्षा न मिळालेली बैलगाडी हे माप जास्त खरे, असे मला वाटते.

आणि १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धची चळवळ पेटली, ठिकठिकाणी हिंसा झाली, तेव्हा याच खेडा जिल्ह्यातल्या नडियादला भर सभेत त्यांनी सांगितले की लोकांची तयारी नसताना मी त्यांना कायदेभंगाची हाक दिली, ही माझी हिमालयाएवढी चूक झाली. लोक हसले, टर उडवली. पण सत्याग्रहाचे नाव त्याने बुडाले नाही. नऊ वर्षांनी, १९२८ साली, त्याच गुजरातेत बारडोलीला वल्लभभाईंनी जो लढा दिला त्याची गावागावांतली बांधणी किती पक्की होती हे सर्वांना ठाऊक आहे. १९१९ च्या कबुलीमुळेच बारडोली झाली असे सोपे गणित मी मांडत नाही. पण कबुलीमुळे बारडोली अडली नाही, एवढे तर दिसते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर शेतकरी चळवळीच्या मुळाशी जा. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसून तिचा जमाखर्च मांडला. शेती तोट्यात का, हा प्रश्न त्या वहीतून वर आला. स्वतःच्या शेताचा हिशेब न लाजता मांडणे इथून आपण सुरू झालो आणि आता संघटनेची वही उघडायला घाबरतो, हे मला समजत नाही. फुटींबद्दल तर बोलायलाच नको. एका बिल्ल्याचे किती बिल्ले झाले ते तुम्ही मोजलेच असतील. प्रत्येक फुटीच्या वेळी दोन्ही बाजूंनी पत्रके काढली. त्या पत्रकांत स्वतःच्या चुकीचे एक वाक्य मला तरी सापडले नाही.

गावची विकास सोसायटी बघा. आपण तिला कितीही शिव्या दिल्या तरी तिचे दरसाल लेखापरीक्षण होते, अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. त्यातही मखलाशी चालते, मान्य. तरी बाहेरचा माणूस येऊन वही बघतो. आपल्या संघटनेत पैशाचा हिशेब तरी निघतो. माणसांचा निघत नाही. किती जोडली, किती तुटली, का तुटली, तारखांना कोण जाते, सभेत बायका किती आणि त्यांतल्या बोलल्या किती, याची नोंद कुठल्या वहीत आहे? सभेला किती माणसे होती हे मला आजही व्यासपीठावरून कधी कळलेले नाही. ते स्वयंपाकाच्या चुलीवर कळते. आम्ही दहा हजार म्हटलेल्या मेळाव्याला भाकरी थापणाऱ्या बायकांनी अठराशेवर माणूस जेवल्याचे नाही सांगितले. वर्तमानपत्रात दहा हजार आले. बायकांना कुणी विचारले नाही.

विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, हा आक्षेप येणार. मिळू द्या. ज्या गावात आपली शाखा बंद पडली आहे तिथल्या आमदाराला ती बंद पडल्याचे आपल्या आधी कळलेले असते. अंधारात आहोत ते फक्त आपण. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, कार्यकर्ता खचेल हा. घरची भाकरी खाऊन राबणाऱ्याला तुझे पीक पस्तीस पैसे आले म्हणून सांगणे सोपे नाही. मी स्वतः म्हातारीच्या ओसरीवरून उठलो ते पुढे दोन महिने बैठकीला गेलो नव्हतो. पण पस्तीस पैसे आले हे कळल्यावर शेतकरी शेती सोडत नाही, पुढच्या हंगामाला बियाणे बदलतो, पेरणी आठ दिवस पुढे ढकलतो. आणि पुढाऱ्याच्या अंगाला पस्तीस पैसे झोंबत असतील तर ते अंग जरा बघायला हवे.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीसाठी एक ठराव देतो आहे. तालुक्यातल्या सगळ्या गावांच्या, शाखा असलेल्या आणि नसलेल्या, चिठ्ठ्या एका डब्यात टाकायच्या. लहान पोराच्या हाताने पाच काढायच्या. त्या गावांना शेजारच्या तालुक्यातल्या दोघांनी जायचे, त्यात एक बाई. तालुकाध्यक्षाने बरोबर जायचे नाही, आधी फोनही करायचा नाही. गावात आधी सोडून गेलेल्यांकडे जायचे, मग बायकांकडे, मग ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांच्याकडे, आणि शाखाध्यक्षाकडे सगळ्यात शेवटी. जे ऐकले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे आणि जिल्हा बैठकीत तालुकाध्यक्षाच्या तोंडावर वाचायचे. त्याने त्या दिवशी उत्तर द्यायचे नाही, फक्त ऐकायचे. उत्तर पुढच्या बैठकीला, आणि तेही काय केले याचे.

सुरुवात माझ्या तालुक्यापासून करावी. चिठ्ठ्या तयार आहेत, डबा मी आणतो. त्या पोरांच्या खटल्याची पुढची तारीख महिनाअखेर आहे, त्या दिवशी मी कोर्टात असेन. जिल्हा बैठक त्याच दिवशी ठेवली असेल तर ती कृपया पुढे ढकलावी.